नितळ पाण्यातला अपमान

मासे धरायला निघालेल्या माणसानं देवाकडं एकच मागणं मागावं: पाणी गढूळ असू दे. गढूळ पाण्यात खाली काय चाललंय ते दिसत नाही, आणि दिसत नाही तोवर आशा असते. मोठा रोहू गळाभोवती घुटमळतोय, आता तोंड उघडणार, असं चित्र रंगवत माणूस सुखानं दिवस काढू शकतो. नितळ पाण्यात ती सोय नाही. तिथं मासा येतो, आपण निगुतीनं लावलेल्या गोळीसमोर थांबतो, तिच्याकडं नीट बघतो, आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यानं पोह्यांना हात न लावता उठावं तसा वळून निघून जातो. हे सगळं आपल्याला काठावरून स्वच्छ दिसतं.

हा अपमान माझ्या नशिबी आला तो मार्गशीर्षामुळं. आमच्या घरी मार्गशीर्ष कडक असतो. गुरुवारी महालक्ष्मीचा घट बसतो आणि महिनाभर वशाट बंद. अंडंसुद्धा नाही. महिना अर्ध्यावर आला की माझी नजर आपोआप मंडईच्या मागच्या गल्लीकडं वळायला लागते. नेमक्या अशा नाजूक वेळी मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, नियम हा घरापुरता असतो. तळ्याच्या काठाला कसला आलाय मार्गशीर्ष? तंबू टाकू, मासे धरू, तिथंच तळू, तिथंच खाऊ." सख्ख्या बहिणीच्या घरचा नियम मोडायला हा गडी इतक्या आनंदानं तयार झाला, तिथंच मला शंका यायला हवी होती. पण भूक शंकेला पुढं येऊ देत नाही.

आधी त्याच्या डोक्यात कासचा तलाव होता. उंचावरचं तळं, थंडीत आरशासारखं पाणी, भोवती झाडी. मी म्हटलं, अरे बाबा, तो तलाव म्हणजे साताऱ्याचं पिण्याचं पाणी, आणि शेजारचं पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत. तिथं तंबू ठोकून गळ टाकला तर पेपरात नाव येईल, आणि आमच्याकडं पेपर आधी तुझी बहीण वाचते. शेवटी ठरलं उरमोडी. ही नदी कासच्याच बाजूला उगवते आणि सज्जनगडाखाली परळीला धरणात अडते. धरणांतल्या मासेमारीचा ठेका बहुतेक मच्छीमार सोसायट्यांकडं असतो, त्यामुळं आधी विचारावं लागतं. तेवढं एक काम मेव्हण्यानं रीतसर केलं होतं.

शनिवारी दुपारी बोगदा ओलांडून आम्ही निघालो. गाडीत मी, मेव्हणा आणि मेव्हण्याचा साडू. हा साडू माझा नात्यानं कोण, ते घरात अजून ठरलेलं नाही. तो मला पाव्हणं म्हणतो, मी त्याला पाव्हणं म्हणतो. मागच्या सीटवर सामान: लांबवायचा रॉड, रीळ, तंगूस म्हणजे गळाची बारीक दोरी, शिसाचे गोळे, बुचं, गळांची डबी. शिवाय एका पिशवीत तेलाचा कॅन, लोखंडी तवा, माशाचा मसाला, आमसुलं, लिंबं, आणि मासे घोळवायला दोन किलो बारीक रवा. भाजी नव्हती. पीठ नव्हतं. तांदूळही नव्हते. "मासे असताना भाजी कशाला?" असं मेव्हणा म्हणाला होता.

तंबूबद्दल फार लिहीत नाही. पिशवीवर 'तीन माणसांसाठी' असं लिहिलं होतं, ते बहुधा पोट नसलेल्या माणसांबद्दल असावं.

पाणी मात्र खरंच देखणं होतं. पावसाळ्यात डोंगरावरून लाल माती घेऊन येणारं हेच पाणी डिसेंबरात निवळून असं बसतं, की गुडघाभर पाण्यातला खडा न् खडा मोजून घ्यावा. काठापासून थोडं आत बुडालेल्या शेताचा बांध दिसत होता, बांधावर बाभळीचं खोड दिसत होतं, आणि त्या खोडाच्या सावलीत चिलापी उभ्या होत्या. मेव्हण्यानं लगेच व्याख्यान दिलं. चिलापी मूळची आफ्रिकेतली, आपल्याकडं १९५२ साली आणली, मादी अंडी तोंडात धरून उबवते. मी म्हटलं, "म्हणजे तोंड मिटून बसायची तिला सवयच आहे म्हण की." त्याला ते आवडलं नाही.

मग त्यानं आमिष काढलं. घरून लपवून आणलेला डबा होता. कणीक, शेंगदाण्याची पेंड, हळद, हिंग, आणि रंगाला काहीतरी गुलाबी. त्याच्या छोट्या छोट्या गोळ्या वळून तो गळाला अशा लावत होता, जणू गणेश चतुर्थीचे मोदक. पहिली गोळी पाण्यात गेली. चिलापी आल्या. थांबल्या. बघितलं. गेल्या. दुसऱ्या गोळीला तर एक जण एकटीच आली, आणि तीही अर्ध्या वाटेतून परतली. मेव्हण्यानं तंगूस बदललं, बूच बदललं, गांडूळ लावून बघितलं. गांडूळ त्यांनी कडेकडेनं कुरतडून खाल्लं आणि गळ धुऊनपुसून परत दिला.

"दाजी, त्यांना आपण दिसतोय," मेव्हणा म्हणाला. आता हे त्याचं खरं होतं. पाण्यात शिरताना उजेड वाकतो, त्यामुळं खालच्या माशाला वरचं सगळं जग साधारण ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत दाटलेलं दिसतं, आणि काठावर उभा माणूस त्या खिडकीच्या कडेला हजर असतो. जितका उंच उभा, तितका ठळक. उपाय एकच, खाली वाकायचं. शिवाय काठावर धपधप चाललेलं माशाला अंगावरच्या रेषेतून जाणवतं, म्हणून पाऊलही वाजवायचं नाही. आपल्या बोलण्याचा आवाज पाण्यात फारसा उतरत नाही, हे मी त्याला सांगून बघितलं. पण त्यानं बोलण्यावरही बंदी घातली. ती बहुधा माशांसाठी नव्हती.

तर, भर दुपारी, सज्जनगडाच्या पायथ्याला, जिथं १६७६ साली समर्थ राहायला आले त्या गडाच्या देखत, मी आणि मेव्हणा पोटावर सरपटत काठाकडं निघालो. साडू झाडाखाली झोपला होता. या सहलीत ज्याचं भलं झालं असा तो एकटाच.

पाठीमागं घुंगराचा आवाज आला. एक म्हातारबा म्हशी घेऊन पाण्यावर आले होते. बराच वेळ त्यांनी आम्हाला बघितलं.

"काय पडलंय का पाव्हणं?"

मेव्हण्यानं मागं न बघता तोंडावर बोट ठेवलं. म्हातारबांना वाटलं, मौल्यवान काहीतरी हरवलंय, मोठ्यानं बोलण्यासारखं नाही. ते बिचारे काठी बाजूला ठेवून खाली बसले आणि आमच्याबरोबर गवत चाचपायला लागले. "अंगठी हाय काय?" त्यांनी हळूच विचारलं. मासे, असं मी कुजबुजलो. त्यांनी माझ्याकडं, मग पाण्याकडं, मग पुन्हा माझ्याकडं बघितलं. "आवो, मासं तिकडं पाण्यात अस्त्यात."

तेवढ्यात म्हशी पाण्यात उतरल्या. चार म्हशी तळाला पाय देऊन फिरल्या आणि नितळ पाण्याचा क्षणात चहा झाला. मला मनापासून बरं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदा खालचं काही दिसत नव्हतं. आणि खरोखर, बूच एकदम पाण्याखाली गेलं! मेव्हणा ताडकन उभा राहिला, रॉड वाकला, रीळ करकरलं. "मरळ! दाजी, दोन किलोची मरळ!" त्यानं ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं, आणि तंगूस तटकन तुटलं. मेव्हणा मट्कन खाली बसला. मरळ हवेतला श्वास घेऊ शकते, पाण्याबाहेरही बराच वेळ जगते, ती हाताशी आली असती तर घरापर्यंत जिवंत नेता आली असती, असं तो सांगत राहिला. म्हशी बाहेर आल्या. हळूहळू पाणी निवळलं. आणि मग आम्हा तिघांनाही दिसलं: बाभळीच्या खोडात रुतलेला गळ, त्याला लोंबणारं तंगूस, आणि शेजारी उभ्या चिलापी. म्हातारबा म्हणाले, "मरळ लईच वाळल्याली हाय," आणि म्हशी घेऊन गेले.

दिवस बुडायला आला तसं पोटातला मार्गशीर्ष बोलायला लागला. सामानात शिजण्याजोगा फक्त रवा होता. साडूनं उठून तीन दगडांची चूल मांडली, तव्यात तेल सोडलं, माशाचा मसाला परतला, आमसुलं टाकली आणि रव्याचा सांजा केला. लालभडक, झणझणीत, वासाला अस्सल माशाचा. डोळे मिटून खाल्ला तर फक्त मासा नव्हता एवढंच.

तवा धुवायला पाण्याजवळ गेलो आणि तव्याची खरवड पाण्यात पडली मात्र, चारी बाजूंनी झुंड आली! लहान, मोठ्या, दुपारी नाकं मुरडून गेलेल्या त्याच. तव्याच्या काठाला तोंडं लावून ओरपत होत्या, माझ्या बोटांना टोचत होत्या. ज्या रव्यात त्यांना घोळवायचं होतं, तो रवा त्या आमच्या डोळ्यांदेखत खात होत्या, मसाल्यासकट. मेव्हणा धावत गळ घेऊन आला. पण सांजा मोकळा झाला होता, गळावर राहीना. लावला की सुटायचा, सुटला की त्या खायच्या. साडूची फोडणी चांगली पडली होती, हे त्यांनी तरी कबूल केलं.

रात्री डोंगरावरची गार हवा उतरून तळ्याकाठी साचली. तीन माणसांच्या श्वासाचं पाणी तंबूच्या कापडाला आतून धरलं आणि पहाटेपर्यंत ते थेंबाथेंबानं माझ्या कपाळावर परत आलं. तंबू उतारावर होता, मी खालच्या बाजूला. साडू झोपेत जो घसरला तो माझ्यापाशी येऊन थांबला.

रविवारी दुपारी घरी पोचलो. हाताला गांडुळाचा आणि पेंडीचा वास, शर्टाला माशाच्या मसाल्याचा धूर. बायकोनं दारातच थांबवलं.

"काय खाल्लंत?"

"सांजा."

तिनं फोन पुढं केला. घरच्या ग्रुपवर मेव्हण्यानं सकाळीच टाकलं होतं: 'दोन किलोची मरळ, दाजी साक्षीला.' खाली लालभडक तव्याचा फोटो.

"हा काय सांजा?"

"हो. माशाच्या मसाल्यातला."

"आणि मरळ?"

"ते लाकूड होतं."

यापुढं खरं बोलण्यात अर्थ नव्हता. मार्गशीर्षातले उरलेले सगळे गुरुवार उपास मलाही पडला. मेव्हणा मात्र त्यातल्याच एका गुरुवारी संध्याकाळी आला, बहिणीच्या हातची पुरणपोळी दोनदा वाढून घेतली आणि जाताना मला म्हणाला, "दाजी, पुढच्या वेळी आपण तांदूळ नेऊ."