डीएम करा म्हणे!

कंपन्यांची सोशल मीडियावरची ती 'पारदर्शकता' बघून डोकं फिरतं राव. पैसे कापले, ऑर्डर गायब, कमेंटमध्ये विचारलं की तेच पाठ केलेलं उत्तर, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया डीएम करा', म्हणजे खाजगी मेसेज पाठवा, थोडक्यात काय तर चारचौघात बोलू नका. डीएममध्ये बॉट बसलेला, तो परत ऑर्डर नंबर मागतो जो मी आधीच दोनदा दिलाय! आणि कमेंट? हाइड केलेली. फेसबुकवर हाइड केलेली कमेंट आपल्याला आणि आपल्या मित्रांना दिसत राहते, बाकीच्यांना नाही, त्यामुळे मी बावळटासारखा उत्तराची वाट बघत बसलो, मित्रयादीत नसलेल्या एकाच्या फोनवर बघितलं तेव्हा कळलं. वर त्याच पेजवर संस्थापकाची गहिवरलेली पोस्ट, 'आम्ही चुकतो, शिकतो'. अरे पण नेमकं काय चुकलं ते सांग की! तसं हे जुनंच आहे म्हणा, फोक्सवॅगन 'क्लीन डिझेल'च्या जाहिराती करत होती आणि २०१५ मध्ये निघालं काय, तर जगभरात सुमारे १.१ कोटी गाड्यांत प्रदूषण चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर. असो. माझं रिफंड अजून 'प्रोसेसमध्ये' आहे, आणि बॉटने आत्ताच विचारलंय, अनुभव कसा वाटला, पाचपैकी किती स्टार?