माझं ताट माझ्यावर सोडा

आज दुपारी परळला भाचीच्या केळवणाला गेले होते. घरी आले, साडी बदलली, चहा ठेवला, तो उतू गेला, तरी डोक्यातला राग जात नाही. म्हणून लिहायला बसले. लांबेल, आधीच सांगते.

जेवण छान होतं. पुरी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, मसालेभात, जिलबी, मठ्ठा. माझं मी वाढून घेतलं होतं. दोन चमचे उसळ, बटाट्याची एक फोड कुस्करून, चमचाभर मसालेभात. पोटाच्या ऑपरेशनला बारा वर्षं झाली, माझं माप मला कळतं. तेवढ्यात नवऱ्याच्या मामी जिलब्या घेऊन आल्या. मी ताटावर हात आडवा धरला. त्यांनी माझं मनगट धरून हात बाजूला केला आणि दोन जिलब्या, वर एक पुरी टाकली. "केळवणाचं जेवण आहे, टाकायचं नाही हं." मी म्हटलं, "मामी, मला खरंच जात नाही हो." त्यावर सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "पोटाला पट्टा बांधून बारीक व्हायचं, त्यात काय मोठं? तसं तर आम्हीही झालो असतो."

आठ-दहा माणसं होती. काही हसली. कोणी काही बोललं नाही.

माझं मनगट धरून माझाच हात माझ्या ताटावरून काढला, हे मला अजून सहन होत नाहीये. ऑपरेशनवरचं बोलणं मी बारा वर्षं ऐकतेय, त्याची कातडी झालीय. पण हात?

तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत आहे, नव्यांसाठी सांगते. २०१३ च्या जूनमध्ये माझं गॅस्ट्रिक बँडचं ऑपरेशन झालं. तेव्हा वजन ११२ किलो, उंची पाच फूट एक इंच, मधुमेह, आणि झोपेत श्वास अडकायचा म्हणून नवरा रात्री जागा राहून मला हलवायचा. पोटाच्या अगदी वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवतात. त्याच्या वर जेमतेम दोन मोठे चमचे अन्न मावेल एवढी पिशवी तयार होते. पट्ट्याला एक नळी, नळीच्या टोकाला पोटाच्या कातडीखाली एक पोर्ट, नाण्याएवढं. त्यात सुईनं सलाईन भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. पोटाचा काही भाग कापत नाहीत, आतडं वळवत नाहीत. वाट अरुंद करतात, बस. आता बहुतेक सर्जन स्लीव्ह करतात, म्हणजे पोटाचा मोठा भाग कापून काढतात, बँड मागे पडला. कित्येकांचा घसरतो, आत रुततो, काढावा लागतो. माझा टिकला.

तर "जात नाही" म्हणजे काय हे मामींना तिथे सांगता आलं नाही, इथे सांगते. जात नाही म्हणजे जात नाही. नळावर बोट ठेवल्यावर पाणी जात नाही तसं. मन मारणं वेगळं आणि हे वेगळं.

आता त्या गणपतीबद्दल सांगायलाच हवं.

ऑपरेशननंतरचा पहिला गणपती. लालबागला आत्याच्या चाळीतल्या खोलीत दरवर्षी बसतो. त्याच्या आठवडाभर आधी माझा पट्टा दुसऱ्यांदा आवळला होता. दोन दिवस पातळ, मग मऊ, असं चाललेलं. आणि आत्यानं उकडीचा मोदक माझ्या तोंडासमोर धरला. "खा गो बाय, एका मोदकान काय होवचा नाय." मी दोनदा नको म्हटलं. तिचे डोळे भरून आले. मी तोंड उघडलं. अर्धाच घास. उकड चिकट, तूप लावलेली, चावून चावून तिचा गोळाच झाला, आणि मी तो गिळला.

छातीच्या मधोमध थांबला. ज्यांना हे झालंय त्यांनाच कळेल. मळमळ नाही, अॅसिडिटी नाही. कोणीतरी आतून मूठ आवळून बसलंय, आणि तुमचं शरीर ती सोडवायला लाळ सोडतं, चिकट, फेसाळ, थांबतच नाही. पाणी प्यावं तर तेही वरच राहतं. मी मोरीत गेले. चाळीतली मोरी म्हणजे खोलीतच, कमरेएवढी भिंत आणि पडदा. पडद्याच्या अलीकडे मी वाकून फेस थुंकतेय, पलीकडे आरती चाललीय, टाळ वाजतायत. पंचवीस मिनिटं तरी गेली असतील. मग तो घास वर आला, जसा गेला तसाच. बाहेर कोणीतरी म्हणत होतं, "ऑपरेशन केलंय ना, आता नखरे."

त्या दिवसापासून मी घाबरून जेवते. वाटाण्याएवढा घास. तीसेक वेळा चावायचा. चमचा खाली ठेवायचा. मग पुढचा. जेवताना पाणी नाही, नंतर तासभर नाही. मे महिन्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये, पंखा बंद असताना, भरलेला ग्लास समोर ठेवून तासभर थांबून बघा. उचकी लागली, नाक गळायला लागलं, एक मोठा उसासा आला की थांबायचं, मग ताटात कोणाच्या हातचं काहीही असो. एक घास जास्त झाला तर पुन्हा मोरी. सकाळी पट्टा जास्तच आवळल्यासारखा वाटतो, म्हणून न्याहारी नाहीच, कोमट चहा घोट घोट घेत लोकल गाठायची. डबा खायला सगळ्यांना पंधरा मिनिटं लागतात, मला चाळीस. साहेब बदलले की दर वेळी नव्यानं समजवायचं.

काय जातं, काय नाही, हे कोणत्या कागदावर नसतं, ते एकेका घासानं शिकावं लागतं. पाव गेला तो गेलाच. लालबागमध्ये वाढलेल्या मुलीचा पाव गेला. पोळीचा गोळा होतो. गरम मऊ भात फुगतो आणि बसतो. चिकनचे धागे अडकतात. बांगडा मात्र छान जातो, काटे काढून, तिखल्याच्या रसात. मूग जातात. अंडं कधी जातं, कधी नाही. भाकरी आमटीत पंधरा मिनिटं भिजवली तर चार घास. आणि हो, आइस्क्रीम, मिल्कशेक, वितळलेलं चॉकलेट सरळ खाली जातं, कुठेही न थांबता. म्हणजे बँड असूनही वजन वाढू शकतं, मान्य. २०१५ च्या पावसाळ्यात माझं सहा किलो वाढलं होतं, आई गेली तेव्हा. रोज रात्री कुल्फी. ती सहा किलो उतरवायला दीड वर्ष लागलं. मग सांगा मामी, पट्ट्यानं काय काय केलं आणि मी काय काय केलं?

"सोपा मार्ग" हा शब्द जिथून आला तिथे परत न्या कोणीतरी. हल्ली वजनाची इंजेक्शनं घेणाऱ्यांनाही हेच ऐकवतात. चष्मा लावणाऱ्याला कोणी म्हणतं का, डोळे ताणून वाचायचं सोडून सोपा मार्ग घेतलास? गुडघा बदलला तर शाल-श्रीफळ आणि पोटाला पट्टा घातला तर टोमणे. व्यायाम आणि जिद्दीवर चाळीस किलो उतरवलेली माणसं असतात, असतील, त्यांना नमस्कार. मी पंधराव्या वर्षापासून जिद्द करत होते. ऑपरेशनच्या वेळी विमा कंपनीनंही हात वर केले, म्हणे हे सौंदर्यासाठीचं. आम्ही मुलीच्या नावावरची एफडी मोडली. पुढे २०१९ मध्ये विमा नियामकानं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलेलं असेल आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४० किंवा जास्त असेल, किंवा गंभीर आजारासह ३५, आणि बाकीचे उपाय हरले असतील, तर असं ऑपरेशन विम्यातून वगळता येणार नाही. माझा बीएमआय ४६ होता. आम्हाला सहा वर्षं उशीर झाला, पण निदान कोणीतरी कागदावर लिहिलं की हा आजार आहे.

चहा गार झाला. पुन्हा केला. आता जरा शांत आहे.

आत्यावर मला कधी राग धरता आला नाही, आणि ते का, हे लिहिल्याशिवाय मामींवर रागावणं खोटं ठरेल.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्या बंद झाल्या. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आत्याचे यजमान. मी पाच वर्षांची होते. आम्ही त्याच चाळीत, वरच्या मजल्यावर. वडील गिरणीत नव्हते म्हणून आमचं भागत होतं. आत्याकडे दोन मुलं, सासू, आणि पगार नाही. ती सकाळी मूठभर तांदळाची पेज करायची. शितं मुलांच्या ताटात, सासूला थोडी, आणि वरची निवळ मीठ टाकून स्वतः प्यायची. संध्याकाळीही तेच. आई तिला बोलवायची तर म्हणायची, जेवलंय मी. हे मला आईनं सांगितलं, आत्यानं कधीच नाही.

आणि ऑपरेशननंतर ती मला भेटायला आली तेव्हा मी काय पीत होते? निवळ. पहिले दोन आठवडे फक्त पातळ. नारळपाणी, डाळीचं वरचं पाणी, ताक, आणि पेजेची गाळलेली निवळ, मीठ घालून, औषधाच्या कपातून घोट घोट. ती दारात उभी राहिली, कपाकडे बघितलं आणि काही न बोलता परत गेली. मला वाटलं, हिलाही ऑपरेशन पटलं नाही.

मग गणपतीत तो मोदक. तिला माझं पोट भरायचं नव्हतं, तिला तो कप माझ्या हातातून काढायचा होता. हे मला मोरीत कळलं नाही. आरती झाल्यावर ती पडद्याआड आली, माझी पाठ चोळत बसली, पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "माका खय म्हायत होता गो." एवढंच. पुढच्या वर्षी गेले तर देवापुढे एकवीस मोदक आणि बाजूला एक छोटी वाटी. मूगडाळीचं कढण, नारळाच्या रसातलं, गूळ अगदी जरासा. तिनं वाटी माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवून वाती वळायला बसली. मला तास लागला. तिनं एकदाही वळून बघितलं नाही. कोणी आग्रह करायला आलं की तीच खेकसायची, "तिका खाव दी तिचा तिचा."

म्हणून मला कोणी सांगू नये की आग्रह हे प्रेम असतं, समजून घे. मी समजून घेतलंय, तुमच्यापेक्षा जास्त. भूक बघितलेल्या बाईचा आग्रह कसा असतो ते मी अर्ध्या घासात गिळलंय. आणि त्या बाईला एकदा कळल्यावर तिनं तो थांबवला. मामींना बारा वर्षांपासून माहीत आहे. मी स्वतः त्यांना सांगितलंय, पोर्ट कुठे आहे ते हात लावून दाखवलंय. तरीही मनगट धरलं. कदाचित त्यांच्या मनात वाईट नसेल, असेल तसं. मला आज त्यांच्या मनाशी काही देणंघेणं नाही.

माझ्या बाजूला भाची बसली होती, जिचं केळवण. तिनं माझ्या ताटातल्या दोन्ही जिलब्या उचलल्या, पुरी उचलली, स्वतःच्या ताटात ठेवली आणि मामींना म्हणाली, "आजी, मावशीला जेवू द्या ना." पंचवीस वर्षांची पोर. तिच्या सासरी तिच्यासाठीही कोणी असं बोलणारं असो.

मी मात्र त्यानंतर उठले. उसळीचे चारच घास झाले होते. हातपाय गार पडले होते, आणि अशा मनःस्थितीत घास घेतला तर तो अडकतोच, हेही मला आता माहीत आहे.

आत्या आता ८४ ची आहे. तिला आता दात नाहीत, गेल्या महिन्यापासून ती पेजेवरच आहे. रविवारी लालबागला जाणार आहे. बांगड्याचं तिखलं करून नेते, काटे काढून, बारीक कुस्करून. दोघींना एकच जेवण चालेल.