‘वीज एकाच जागी दोनदा पडत नाही’ या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात एकच मेसेज एकाच सकाळी मला दोनदा आला. एकदा मावशीकडून आणि एकदा मैत्रिणीकडून. मावशीने अगदी मनापासून पाठवला होता. मैत्रिणीने खाली लिहिलं होतं, “बघ, मलाही आलाय.” आम्हा दोघींचंही पहिलं बाळंतपण जिवावर बेतलं होतं. माझं अतिरक्तस्रावामुळे, तिचं रक्तदाबामुळे.

मेसेज थोडक्यात असा: “पहिल्या वेळी काही अवघड झालं म्हणून दुसऱ्याचा विचार सोडू नका. वीज एकाच जागी दोनदा पडत नाही. दुसरं बाळंतपण नेहमी सोपं जातं. उशीर न करता लगेच उरकून घ्या. फारच भीती वाटली तर थेट सिझेरियन करा, काही धोका नाही. दुसरं बाळ हातात आलं की पहिलं सगळं पुसलं जातं.”

पाठवणाऱ्यांना धीर द्यायचा असतो, हे मला कळतं. पण या धीरावर विसंबून कुणी निर्णय घेतला तर तो जिवाशी खेळ होऊ शकतो. म्हणून एकेक वाक्य घेते.

वीज. खरी वीजसुद्धा एकाच जागी पुन्हा पडते, उंच जागी तर हमखास. पण ते सोडा. बाळंतपणातली गुंतागुंत अशी आभाळातून कोसळत नाही. तिला नाव असतं, बहुतेकदा कारण असतं, आणि ती पुन्हा येण्याची शक्यता त्या नावाप्रमाणे बदलते. बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव झालेल्या बाईला पुढच्या वेळी तो पुन्हा होण्याची शक्यता इतर बायकांच्या सुमारे तिप्पट असते. आता हेच दुसऱ्या बाजूने बघा: त्यातल्या शंभरातल्या साधारण ८५ जणींना तो पुन्हा होत नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि निर्णय घेणाऱ्या बाईला दोन्ही माहीत हवीत. मेसेज पहिलं गिळून टाकतो. ‘आता पुन्हा मरणाच्या दारात जाऊ नकोस’ म्हणणारे दुसरं गिळतात.

मैत्रिणीला झाला होता प्रीएक्लॅम्पसिया. रक्तदाब चढला, लघवीतून प्रोटीन जायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले आणि ३१व्या आठवड्यात बाळ काढावं लागलं. प्रीएक्लॅम्पसिया पुन्हा होण्याची शक्यता एरवी सातांत एक इतकी धरतात. पण तिच्यासारखं बाळ २८ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान काढावं लागलं असेल तर ती तिघींत एक होते. आजार तोच, पण आठवडा बदलला की आकडा बदलतो. म्हणून ‘माझ्या जावेला पण बीपी झालं होतं, तिचं दुसरं छान झालं’ या उदाहरणाचा तिला काही उपयोग नाही.

आणि इथे मेसेजचं खरं नुकसान दिसतं. अशा बायकांना गरोदरपणात कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जास्त जोखीम असलेल्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान सुरू करून रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली, तर ३७ आठवड्यांच्या आत उद्भवणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियाचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. पण गोळी वेळेवर सुरू व्हायला हवी, सोळाव्या आठवड्याच्या आत. ‘वीज दोनदा पडत नाही’ यावर विश्वास ठेवून जी बाई पाचव्या महिन्यापर्यंत मागचा इतिहास सांगतच नाही, तिची ही वेळ निघून गेलेली असते.

काही गोष्टी खरोखर त्या दिवसापुरत्या असतात. बाळाच्या आधी नाळ खाली सरकली, तर त्याचा संबंध बहुतेक त्या वेळच्या बाळाच्या स्थितीशी असतो. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत चीर गेलेल्यांपैकी शंभरात पाच ते सात जणींना पुढच्या नैसर्गिक बाळंतपणात पुन्हा तशी चीर जाते, म्हणजे बहुतेकींना जात नाही. दुसऱ्या टोकाला बाळंतपणाच्या सुमारास हृदय कमकुवत होण्याचा आजार आहे. हृदयाची ताकद पूर्ण परत आली नसेल तर डॉक्टर स्पष्ट सांगतात की पुन्हा गरोदर राहू नका, कारण त्यात आई दगावू शकते. ताकद परत आलेल्यांतही साधारण पाचांत एकीला पुन्हा त्रास होतो. एका वाक्यात या सगळ्याजणींना बसवायचं कसं?

म्हणून पहिला प्रश्न ‘दुसरं होऊ द्यायचं का’ हा नाहीच. ‘मला नेमकं काय झालं होतं’ हा आहे. माझ्या डिस्चार्ज कार्डावर एवढंच लिहिलं होतं: ‘पीपीएच, उपचार केले.’ पीपीएच म्हणजे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव. दोन वर्षं मी तेवढ्यावर होते. मग सगळ्या केसपेपरची प्रत मागितली आणि एका दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. मधल्या एका पानावर रक्ताच्या चार पिशव्यांचे चार स्टिकर एकाखाली एक चिकटवलेले होते, चौथा घाईत तिरका. शेजारी वेळा. पहिल्या आणि चौथ्या स्टिकरमध्ये एक तास दहा मिनिटं. त्या पानावर बोट ठेवून डॉक्टरबाईंनी मला समजेल असं सांगितलं: वार (गर्भात बाळाला पोसणारी, म्हणजे प्लॅसेंटा) पूर्ण सुटली नव्हती, ती हाताने काढावी लागली, त्यानंतर गर्भपिशवी आकसेना, म्हणून आत फुगा ठेवून रक्त थांबवलं. इतके दिवस मला वाटत होतं की मी कळा नीट दिल्या नाहीत म्हणून झालं. कुणी तसं म्हटलं नव्हतं, पण कुणी नाही असंही म्हटलं नव्हतं.

पुढच्या वेळी काय वेगळं करता येईल, तेही त्यांनी लिहून दिलं. आधीपासून हिमोग्लोबिन आणि लोह भरून काढायचं. बाळंतपण रक्तपेढी जवळ असलेल्या ठिकाणीच करायचं. रक्तगट जुळवून ठेवायचा, हाताला दोन सुया आधीच लावायच्या, गर्भपिशवी आकसायचं औषध बाळ बाहेर येताच द्यायचं. आणि रक्त जायला लागलं तर ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारं औषध लगेच, कारण वीस हजारांवर बायकांवर झालेल्या २०१७च्या चाचणीत दिसलं की ते बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. धोका पुन्हा येऊ शकतो, पण तयारीत असलेल्या खोलीत येतो, हा फरक फार मोठा आहे. त्यांनी ‘हो’ म्हटलं नाही आणि ‘नको’ही म्हटलं नाही.

‘दुसरं नेहमी सोपं जातं.’ यात थोडं तथ्य आहे. पहिलं बाळंतपण नैसर्गिक झालं असेल तर दुसऱ्या वेळी कळांचा वेळ सहसा कमी असतो. पण कळांचा वेळ आणि जिवाचा धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या कळा सहा तासांत आटोपल्या होत्या. सगळे म्हणत होते, किती सुटसुटीत. जे झालं ते त्यानंतर.

‘लगेच उरकून घ्या.’ हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. जागतिक आरोग्य संघटनेने २००५च्या तज्ज्ञ बैठकीनंतर सुचवलेलं अंतर असं आहे: बाळ जन्मल्यावर पुढच्या गरोदरपणाचा प्रयत्न निदान २४ महिने करू नये. गेलेलं रक्त आणि लोह भरून यायला वेळ लागतो. सिझेरियनचा व्रण पक्का व्हायला वेळ लागतो. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असताना कळा सुरू झाल्या, तर तो व्रण उसवण्याची शक्यता वाढते. वय अडतीस-एकोणचाळीस असेल तर हिशोब वेगळा, तेव्हा थांबण्याचीही किंमत असते, आणि डॉक्टर कमी अंतरालाही होकार देऊ शकतात. पण तो हिशोब मांडून करायचा. ‘उरकून घ्या’ हे घरकामाचं क्रियापद आहे, ते बाईच्या शरीराला लावू नये.

‘थेट सिझेरियन करा, काही धोका नाही.’ काही वेळा सिझेरियनच बरोबर असतं. गर्भपिशवी एकदा फाटली असेल किंवा आधीचा छेद उभा, वरच्या भागात असेल, तर कळांची वाट बघत नाहीत, आधीच तारीख ठरवून शस्त्रक्रिया करतात. पण नेहमीचा आडवा, खालचा छेद असेल तर पुढच्या वेळी नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करणाऱ्या चार जणींपैकी जवळजवळ तिघींचं ते सुखरूप होतं, आणि व्रण उसवण्याचं प्रमाण दोनशेत एक असं आहे. दोनशेत एक म्हणजे शून्य नव्हे, आणि त्यासाठी तातडीने शस्त्रक्रिया होईल अशीच जागा लागते. हे कुणाला मान्य होईल, कुणाला नाही.

सिझेरियनचं खरं बिल मात्र पुढच्या गरोदरपणात येतं, आणि ते मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नसावं. वार जुन्या व्रणावर रुजली तर ती गर्भपिशवीच्या भिंतीत घुसू शकते, मग सुटत नाही, आणि रक्तस्राव थांबवायला कधी कधी गर्भपिशवीच काढावी लागते. वार खाली, गर्भपिशवीच्या तोंडाशी आलेल्या बायकांमध्ये आधी एक सिझेरियन झालं असेल तर हे शंभरात अकरा जणींच्या बाबतीत आढळलं. आधी दोन झाली असतील तर चाळीस जणींच्या बाबतीत. वार तोंडाशी येणं मुळात विरळ आहे, त्यामुळे हे आकडे प्रत्येकीचे नाहीत. पण ज्यांना दुसऱ्यानंतर तिसरंही हवं आहे त्यांनी हे आधी ऐकायला हवं. सिझेरियन झालेल्यांनी सोनोग्राफीत वार नेमकी कुठे आहे ते मुद्दाम विचारावं.

‘पहिलं सगळं पुसलं जातं.’ त्या रात्री मला आत नेलं तेव्हा नवरा बाहेर बाळ घेऊन उभा होता. दोन तासांनी माझी आई आली, तिने मुलगा की मुलगी विचारलं, तर त्याला सांगता येईना. त्याने पाहिलंच नव्हतं. त्याच्या चपलेवर रक्त होतं. पुढचं वर्षभर तो या विषयावर एक शब्द बोलला नाही, आणि मी फिनेलचा वास आला की घामाने भिजायचे. याला नाव आहे, पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनात राहणारा त्रास, आणि तो बाळंतपणानंतर एरवी शंभरात चौघींना होतो. ज्यांचं बाळंतपण किंवा परिस्थिती अवघड होती त्यांच्यात अठरा-एकोणीस जणींना. वडिलांनाही होतो. त्यावर मानसोपचार आहेत: आघातासाठीची सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी पद्धत) आहे, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम करणारी पद्धत) आहे. दुसरं बाळ हा त्यावरचा उपचार नाही. बाळाच्या अंगावर असलं काम टाकूच नये. आणि ज्यांचं पहिलं बाळ हाती लागलंच नाही, त्यांच्या बाबतीत ‘पुसलं जातं’ हा शब्द वापरायला जीभ कशी धजते, मला कळत नाही.

मेसेजमध्ये ‘नाही’ला जागाच नाही. मला माझे आकडे मिळाले, वाईट नव्हते, डॉक्टरबाई सोबत असणार होत्या, तरी आम्ही दोघांनी नाही ठरवलं. आकड्यांत न बसणारी एक गोष्ट होती: आता घरात एक लेक आहे जिला आई लागते. हे कारण मला पुरेसं वाटलं आणि ते कुणाला पटवून द्यायची गरज वाटली नाही. मैत्रिणीची जोखीम माझ्याहून जास्त होती, तिने तीन वर्षं थांबून हो ठरवलं. आज तिला एकोणिसावा आठवडा आहे. रोज रात्री गोळी, घरी बीपीचं मशीन, वहीत आकडे.

तिने केसपेपरच्या दोन प्रती काढल्यात. एक डॉक्टरांसाठी, एक पहिल्या मुलीच्या नावाच्या फाईलमध्ये, कारण आईला प्रीएक्लॅम्पसिया झाला असेल तर मुलीलाही त्याची जोखीम वाढते. मैत्रिणीच्या स्वतःच्या पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं होतं, “आईला बाळंतपणात बीपी झालं होतं का?” तिने घरी फोन केला होता. कुणालाच आठवत नव्हतं.