फेटा बांधला, पुढे?

गणपतीत ठाण्याच्या संजूदादाने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. मुंबईतल्या एका परदेशी वाणिज्य दूतावासाचे प्रमुख, डोक्याला केशरी फेटा, हातात आरतीचं तबक, आणि जरा अडखळत पण मनापासून म्हटलेलं 'सगळ्यांना नमस्कार, गणेशोत्सवाच्या खूप खूप शुभेच्छा'. खाली दादाची ओळ होती : 'हा साता समुद्रापलीकडून येऊन दोन वाक्यं शिकतो. वीस-वीस वर्षं इथे राहणाऱ्यांना का जमत नाही?' मग दिवसभर जुंपली. दुकानांवरच्या मराठी पाट्या निघाल्या, पहिलीपासून हिंदी आणणारे आणि २०२५च्या जूनअखेर मागे घेतलेले शासन निर्णय निघाले, मुलांना इंग्रजी शाळेत घालणाऱ्या मावशीला टोमणा बसला.

मी अकरा वर्षं जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला राहते. मलाही तो व्हिडिओ आवडला. परक्या माणसाच्या तोंडून 'नमस्कार' ऐकलं की पोटात काहीतरी हलतं, ते खरंच आहे. पण दादाला मी लिहिलं की तुझा प्रश्न अर्धा आहे. त्या साहेबांनी फेटा बांधला, छान झालं. पुढे काय? त्यांच्या दूतावासाचं दार मराठी माणसाला किती उघडं आहे?

आत्याची गोष्ट सांगते. आत्या गिरगावात मुगभाटात राहते. मुलाकडे जायचं म्हणून तिने व्हिसाचा अर्ज केला. कोणता देश ते इथे महत्त्वाचं नाही. फोन आणि पिशवी आत नेता येत नाही म्हणून बाहेरच्या एका टपरीवाल्याकडे पैसे देऊन ठेवली. काचेपलीकडून इंग्रजीत प्रश्न आला. तिने मराठीत बोलू का विचारलं, तर मराठीचा दुभाषा आज नाही, हिंदीत बोला, असं उत्तर मिळालं. आयुष्यभर म्युनिसिपालिटीच्या शाळेत मराठी शिकवलेली ती बाई. व्हिसा मिळाला, पण रात्री फोनवर म्हणाली, "अगं, माझ्याच गावात मी परक्यासारखी उभी होते." त्याच आठवड्यात त्या देशाच्या खाद्यमहोत्सवाची बातमी तिने पेपरात वाचली होती. पंचतारांकित हॉटेलात, निमंत्रितांसाठी.

दिल्लीत वकिलाती, तसे मुंबईत वाणिज्य दूतावास. व्हिसा, आपल्या नागरिकांची मदत, व्यापार ही त्यांची रोजची कामं. त्याबरोबर, ज्या शहरात आपण राहतो त्या शहराशी ओळख करून घेणं आणि देणं हेही कामच. ते होतंही. पण कुठे? नरिमन पॉइंट, काळा घोडा, बीकेसी. आणि बहुतेक वेळा इंग्रजीत. परळच्या पुढे, दादर-पार्ल्याला, ठाण्याला गडकरी रंगायतनमध्ये एखाद्या दूतावासाचा कार्यक्रम मराठीत झाल्याचं माझ्या आठवणीत नाही.

हे अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांना मी मराठी रंगभूमीकडे बघायला सांगते. १९७०च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या वायमारहून फ्रिट्झ बेनेविट्झ हे दिग्दर्शक मुंबईत आले आणि विजया मेहतांबरोबर त्यांनी जर्मन नाटककार ब्रेख्त मराठीत उभा केला. मराठी नट, मराठी संहिता. पुढे तो प्रयोग जर्मनीतही गेला. दोन देशांची सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणजे काय, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. तिथे भाषणं करून, पुष्पगुच्छ देऊन माणसं घरी गेली नाहीत. महिनोन्‌महिने तालमी झाल्या. मी स्वतः जर्मन शिकले ती काळ्या घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनात. तिथल्या वर्गात आमच्यासारखी गिरगाव-लालबागची मुलं होती आणि दार सगळ्यांना उघडं होतं, म्हणून आज मी इथे आहे.

आता इथलं सांगते. ड्युसेलडॉर्फमध्ये आठ हजारांच्या आसपास जपानी राहतात. युद्धानंतर जपानी कंपन्या इथे आल्या, मग शाळा आली, दुकानं आली, देऊळ आलं. २००२ पासून दर उन्हाळ्याच्या तोंडाशी ऱ्हाईनच्या काठावर 'जपान दिवस' भरतो. शहर, राज्य सरकार, जपानी दूतावास आणि इथले जपानी लोक मिळून करतात. लाखोंनी माणसं येतात आणि त्यातली बहुतेक जर्मन असतात. रात्री नदीवर आतषबाजी होते, पण मला सकाळची टेबलं आवडतात. लांबच लांब टेबलं, मागे जपानी शाळेतली मुलं आणि आज्या, पुढे कागद आणि कुंचले.

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी मुक्ता अशा एका टेबलापाशी थांबली. ती तेव्हा आठ वर्षांची होती. टेबलामागच्या आजींनी तिचं नाव विचारलं, दोनदा उच्चारून घेतलं आणि तीन अक्षरांत लिहून दिलं. मग कुंचला तिच्या हातात देऊन स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाल्या, "आता तुझ्या लिपीत लिही, मला शिकव." मुक्ताने 'मु' काढला आणि 'क्ता'पाशी अडली. जोडाक्षर तिला अजून नीट येत नव्हतं. मी तिचा हात धरून काढून दिलं. आजींनी तो कागद बाजूच्या दोरीवर चिमट्याने अडकवला, बाकीच्या जपानी कागदांच्या रांगेत. एका जर्मन बाईने तिथे उभं राहून विचारलं, ही कुठली लिपी? ड्युसेलडॉर्फमध्ये मराठी लिहिलेलं पहिल्यांदा टांगलं गेलं ते जपान्यांच्या दोरीवर, असं मला त्या दिवशी वाटलं.

याच शहरातल्या इमरमान रस्त्यावर २०२१ पासून पाटीवर जर्मन नावाखाली जपानी नाव आहे. वर जर्मन, खाली जपानी. ती पाटी जपान्यांनी भांडून लावून घेतलेली नाही. दोन-तीन पिढ्या शेजार केल्यावर शहराने लावली. आपल्याकडे मराठीच्याच शहरात मराठी पाट्यांसाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२३ साली दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत द्यावी लागली. या दोन पाट्या एकमेकींशेजारी ठेवून मी पुष्कळदा विचार करते. पाहुण्याने घरच्यांची भाषा शिकावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी शिकले. सरकारी कचेरीतलं पत्र जर्मनमध्येच येतं, आणि त्यात मला कधी अपमान वाटला नाही. पण इथे घरच्यांनीही काही केलेलं आहे. सहाशे तास भाषा आणि शंभर तास देशाची ओळख असा सरकारी अभ्यासक्रम आहे, फी परवडेल अशी आहे, वर्ग संध्याकाळीही असतात. मुंबईत काल आलेल्या माणसाने मला विचारलं की मराठी कुठे शिकू, तर मी त्याला जवळचा वर्ग पटकन सांगू शकत नाही. दादा, या प्रश्नावर ग्रुपवर कुणीच बोलत नाही.

आणि आपणही इथे पाहुणेच आहोत. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन, एकवीस जूनचा योग दिवस, दिवाळी, सगळं होतं. भारतीय दूतावासाचे लोक पासपोर्टची शिबिरं भरवतात, कुणी अडचणीत सापडलं तर धावून येतात, ते मी पाहिलं आहे. पण दिवाळीच्या सभागृहात नजर टाकली तर जर्मन चेहरे बोटांवर मोजण्याइतके. आपणच नाचतो, आपणच टाळ्या वाजवतो, बटाटेवडे संपले की घरी. यात दूतावासाला दोष देऊन मी सुटणार नाही. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत निवेदन जर्मनमध्येही करूया असं मी एकदा सुचवलं, तेव्हा 'कशाला, आपलीच तर माणसं' असं उत्तर आलं आणि मीही गप्प बसले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल तरुण तिथे पाठवायचे, असं ठरलं. इलेक्ट्रिशियन, नर्स, ड्रायव्हर. ही मुलं लातूरची, जळगावची असतील, काळ्या घोड्याची नव्हेत. त्यांच्यापर्यंत पोहोचायचं तर इंग्रजी पत्रक पुरणार नाही. करारनाम्यात काय बघायचं, नर्सिंगच्या पदवीला मान्यता कशी मिळते, एजंटला पैसे का द्यायचे नाहीत, हे जिल्ह्याच्या गावात, मराठीत, प्रश्न विचारू देऊन सांगितलं पाहिजे. फेटा बांधणाऱ्या प्रत्येक वाणिज्य दूताकडून मला हे हवं आहे, आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांनी ते त्यांच्याकडे मागावं.

माझ्या वाटणीचं मी सुरू केलं आहे. पुढच्या उन्हाळ्यात शहराच्या उत्सवात देवनागरीचं एक टेबल मांडायचं, जर्मन माणसांना त्यांचं नाव लिहून द्यायचं आणि त्यांच्याकडूनही लिहून घ्यायचं. दूतावासाला पत्र गेलंय, मंडळातून सहा नावं आली आहेत, मुक्ताला आता 'क्ता' येतो. बोरूने लिहायचं ठरलं आहे. दोन डझन बोरू आणि शाईच्या पुड्या दादरला मिळतात का, हे आत्याला विचारलंय. ती म्हणाली, "आधी कित्ता मी काढून पाठवते, मग बोरूचं बघू."