भूत दाखवायला पैसे नव्हते, हे कारण पटत नाही

एका कमी बजेटच्या मानसिक भयपटावरचा लेख वाचला. 'बजेट नसल्यानं भूत दाखवता आलं नाही, म्हणून प्रेक्षक कंटाळले' हे त्यातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' (२००७) हा भयपट दिग्दर्शकानं स्वतःच्या घरात, साधारण १५ हजार डॉलरमध्ये केला होता. त्यातली अमानवी शक्ती डोळ्यांना दिसतच नाही. बेडरूममध्ये लावून ठेवलेला कॅमेरा आणि आपोआप हलणारं दार, एवढ्यावर लोकांची झोप उडाली.

मानसिक भयपटात खरं काम आवाज करतो, आणि लेखात त्याबद्दल एक ओळही नाही. असे छोटे सिनेमे बेळगावात थेटरला क्वचितच लागतात, आम्ही ते मोबाईलवरच बघतो. खानापूरला घरी कौलांवर पाऊस कोसळत असताना वहिनींनी लेखातला हा सिनेमा फोनच्या स्पीकरवर लावला, तर त्यातली कुजबुज, भिंतीमागची खरखर काहीच ऐकू येईना. 'यात भ्यायचं काय?' म्हणून त्यांनी अर्ध्यात सोडला. नंतर हेडफोन लावून बसल्या तेव्हा मात्र मध्येच थांबवून आधी दिवा लावला. 'बोअर आहे' म्हणणाऱ्या किती जणांनी तो असा नीट ऐकला होता, हे लेखकानं विचारायला हवं होतं. सिनेमाचा शेवट घाईत उरकलाय, ही लेखातली तक्रार मात्र रास्त आहे.