'दुसऱ्या मेडिकलात बघा' म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या केमिस्टांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. म्हणणं थोडक्यात असं : अमेरिकेत फार्मासिस्टला मनाला न पटणारं औषध नाकारायचा कायदेशीर हक्क आहे. डॉक्टर नाही म्हणू शकतो, मग आपण का नाही? आपल्याकडेही असं संरक्षण हवं. गिऱ्हाइकाचं काही अडत नाही, ते दुसऱ्या मेडिकलात जाईल. रोख संबंधानंतर घ्यायच्या इमर्जन्सी गर्भनिरोधक गोळीवर आणि गर्भपाताच्या किटवर. खाली अंगठ्यांची रांग. मी गुहागर तालुक्यात, खाडीकाठच्या गावात मेडिकल चालवते. अंगठा द्यायला हात धजला नाही.

आधी अमेरिका उरकून टाकू. साउथ डकोटाने १९९८ साली असा कायदा केला हे खरं. पण तो गर्भपात, आत्महत्येला मदत, दयामरण यांसाठी औषध वापरलं जाईल असं वाटण्याचं कारण असेल तेवढ्यापुरता आहे. 'मनाला न पटणारं' कुठलंही औषध त्यात बसत नाही. शिवाय सगळी अमेरिका म्हणजे साउथ डकोटा नव्हे. वॉशिंग्टन राज्याने २००७ मध्ये उलटा नियम केला : एखादा फार्मासिस्ट बाजूला होऊ शकतो, पण दुकानाने औषध वेळेत दिलंच पाहिजे. एक दुकानदार कुटुंब त्याविरुद्ध कोर्टात गेलं. २०१५ मध्ये अपील कोर्टाने नियम कायम ठेवला आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. फ्रान्समधल्या दोन फार्मासिस्टांनी गर्भनिरोधक गोळ्या नाकारल्या होत्या. त्यांचा अर्ज युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००१ मध्ये दाखलच करून घेतला नाही. कारण सरळ होतं : ही गोळी तिथे चिठ्ठीवर आणि फक्त औषधाच्या दुकानातच मिळते, तेव्हा दुकानदाराला आपली श्रद्धा गिऱ्हाइकावर लादता येणार नाही.

'डॉक्टर नाही म्हणू शकतो' हेही अर्धंच. डॉक्टरांच्या वर्तनाच्या २००२ च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की वैद्यकीय गरज असताना केवळ धर्माच्या कारणावरून नसबंदी, संततिनियमन किंवा गर्भपाताला मदत नाकारता येणार नाही. ते काम जमत नसेल तर गोष्ट वेगळी.

आणि आपण? आपल्याकडे संरक्षण नाही एवढंच नाही, कायदा उलट्या बाजूला उभा आहे. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ चा परिच्छेद २८ वाचा. दुकानात उपलब्ध असलेलं औषध विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला विक्रेत्याने नाकारायचं नाही. अर्थात ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स कायद्याच्या अटी पाळून, म्हणजे चिठ्ठी लागते तिथे चिठ्ठी हवीच. कुणी लगेच संविधानाचं कलम २५ काढेल. सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य त्यात आहेच, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. आरोग्य हा शब्द तिथे उगाच आलेला नाही.

विवेकाचा हा दरवाजा एकदा उघडला की तो आपल्याला हवा तेवढाच उघडा राहील, असं का समजायचं? कॅप्सूलचं जिलेटिन जनावराच्या कातडी-हाडांपासून येतं. रक्त गोठू न देणारं हेपारिन डुकराच्या आतड्यातून. उद्या शाकाहारी फार्मासिस्टने कॅप्सूल नाकारली तर त्याच मेसेजला अंगठे पडतील का?

आता 'दुसरं मेडिकल'. हे वाक्य पुण्यात बसून सुचतं. इथे वस्तीच्या शेवटच्या घरातून निघालेली बाई आधी चढण चढते, मग एसटीची वाट बघते. गुहागरहून चिपळूण चाळीसेक किलोमीटर. धोपाव्याच्या फेरीने पलीकडे दाभोळला जाता येतं, पण रात्री फेरी नसते आणि पावसाळ्यात खाडी खवळली की दिवसाही भरवसा नाही. इमर्जन्सी गोळीला ७२ तास असतात, आणि जितका उशीर तितका तिचा उपयोग कमी. शनिवारी संध्याकाळी 'दुसरीकडे बघा' म्हटलं तर हिशेब तुम्हीच करा.

अंतर नुसतं किलोमीटरचं नसतं. इथे काउंटरवरच्या माणसाला गिऱ्हाइकाचं आडनाव, वाडी, सासर-माहेर सगळं ठाऊक असतं. एकदा जुलैत पलीकडून एक मुलगी भिजत आली होती. तिच्या गावात दुकान नव्हतं असं नाही. तिथे नाव सांगितल्याशिवाय काही मिळत नव्हतं. मी आधीच्या गिऱ्हाइकाला उदबत्तीचा पुडा काढून देईपर्यंत ती दुकान रिकामं व्हायची वाट बघत उभी होती. मग चिठोरं पुढे सरकवलं. असल्या गिऱ्हाइकाला नकार मिळाला तर ते दुसऱ्या दुकानात जात नाही. घरी जातं.

मेसेजात दोन औषधांची खिचडीही केली आहे. इमर्जन्सी गोळी, म्हणजे १.५ मिलिग्रॅमचं लेव्होनॉरजेस्ट्रेल, मुख्यतः बीज बाहेर पडणं लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. गर्भपाताच्या किटमध्ये मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल असतं, ते १९७१ च्या वैद्यकीय गर्भपाताच्या (एमटीपी) कायद्याखाली, डॉक्टरच्या देखरेखीत. यातलं मिसोप्रोस्टॉल बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायलाही वापरतात. नाव ऐकून तोंड फिरवणाऱ्याला चिठ्ठी कशासाठी आहे हे कळणार कसं?

खरं सांगू? आपल्यापैकी बहुतेकांनी किट ठेवणं बंद केलं ते विवेकाने नव्हे. २०१२ नंतर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या, तपासण्या कडक झाल्या, ड्रग इन्स्पेक्टर बिलबुकं उलटी-सुलटी करू लागला, आणि नसती झंझट नको म्हणून शेल्फ रिकामं झालं. ती भीती मी समजू शकते, माझ्याही पोटात गोळा आला होता. पण धसक्याला तत्त्वाचं नाव देऊ नका. किट विकण्याचे नियम स्पष्ट करून द्या, असं एफडीएला लिहू या. त्या पत्रावर मी पहिली सही करते.

एक मुद्दा मेसेजात बरोबर आहे : फार्मासिस्ट म्हणजे नाणं टाकलं की गोळी पाडणारं यंत्र नाही. चिठ्ठी नसेल, डोस चुकलेला वाटला, दोन औषधं एकमेकांत अडकत असतील, तर नाही म्हणणं हे आपलं कामच आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. नोकरीवरच्या पोरासोरांचा प्रश्नही मला मान्य आहे. कुणाला खरंच जड जात असेल तर त्याने मालकाला आधी सांगावं आणि बाजूच्याने औषध द्यावं. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागू नये. पण इथल्या दुकानांत बाजूला दुसरा फार्मासिस्ट असतो कुठे? परवान्यावर नाव एकाचंच.

मी ग्रुपवर एवढंच विचारलं : तुमच्या दुकानापासून पुढचं मेडिकल किती लांब? दोनच उत्तरं आली. चिपळूणच्या बाजारपेठेतल्याने लिहिलं, "समोरच." खाडीच्या तोंडावरच्याने लिहिलं, "फेरी चालू असेल तर जवळ. बंद असेल तर विचारू नका."