‘स्पष्टवक्ता’ यांच्या कमेंटला उत्तर: तोडणारे गावातलेच, मग गळा कशाला काढता?

मागच्या आठवड्यात रशियाच्या पार पूर्वेकडच्या जंगलातल्या चोरट्या तोडीवर लिहिलं होतं. प्रिमोर्ये, सिखोते-अलिनचे डोंगर, बिकिन नदीचं खोरं, आणि तिथला ओक चीनमार्गे अमेरिकेतल्या घरांच्या फ्लोअरिंगमध्ये कसा जाऊन बसतो ते. त्यावर ‘स्पष्टवक्ता’ नावाच्या वाचकांची कमेंट आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो: “एसीत बसून फॉरेनच्या एनजीओंचे रिपोर्ट मराठीत उतरवणं सोपं असतं. रशियाला कधी गेलायत का? जंगल तोडतात ते शेवटी गावातलेच लोक, पैसा पण त्यांनाच मिळतो, मग त्यांच्या नावाने गळा कशाला काढता? वाघ तर तिथे वाढलेत. आणि आता लाकूड निर्यातीवर बंदी पण आली आहे. उगाच भडक हेडिंग.”

हेडिंग भडक होतं, मान्य. ‘तैगाचा खून’ (तैगा म्हणजे तिकडचं थंड प्रदेशातलं जंगल) हे जरा जास्तच झालं, बदललंय, जाऊन बघा. झालं समाधान?

आता एसी. साहेब, मी चंद्रपूरला राहतो आणि माझ्याकडे कूलर आहे, तोही मे महिन्यात पाण्याअभावी नुसताच घरघरतो. पण तो मुद्दा नाही. मुद्दा असा की असहमत असणं वेगळं आणि समोरच्याला पहिल्या वाक्यात बावळट ठरवून मग बोलायला सुरुवात करणं वेगळं. तुमचं म्हणणं नीट शब्दात आलं असतं तर मी नीट उत्तर दिलंच असतं की, इतकी वर्षं देतोच आहे, जुने वाचक सांगतील. ‘गळा काढणं’ हा शब्द माणूस कुणासाठी वापरतो? तेराव्याला आलेल्या लांबच्या नातेवाइकांसाठी. मी काय रडलो होतो त्या पोस्टमध्ये? दाखवा एक ओळ.

रशियाला गेलो नाही. पण लाकडाची चोरी कशी होते हे बघायला मला रशियाला जायची गरज नाही, कारण मी वाढलोच आलापल्लीकडच्या फॉरेस्ट क्वार्टरमध्ये. बाबा वनखात्यात गार्ड होते. सागाचं जंगल, कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा), हातोड्याची छाप, टीपी (लाकूड वाहून न्यायचा परवाना), नाका, डेपोतला लिलाव हे शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकलो. तुम्ही ‘गावातलेच लोक तोडतात’ असं शोध लावल्यासारखं सांगताय ना, ते मला लहानपणापासून माहीत आहे. एकदा बाबांनी रात्री ट्रक अडवला होता, सागाचे गोल लठ्ठे, टीपी दुसऱ्याच कुपाची. ट्रकमध्ये जी पोरं सापडली ती शेजारच्या गावातली, त्यातला एक तर आमच्या घरी मोहफुलं आणून देणाऱ्या बाईचा मुलगा. पोरं आत गेली. माल ज्याचा होता त्याचं नाव पंचनाम्यात आलंच नाही, आणि बाबांची बदली मात्र पुढच्या हंगामाच्या आत झाली, कुणी केली ते इथे लिहीत नाही. तर तोडणारा हात गावातलाच असतो हो. कोण नाही म्हणतंय?

पण तुमचं ते ‘पैसा पण त्यांनाच मिळतो’ आहे ना, तिथे मला थांबावंसं वाटतं.

प्रिमोर्येत काय होतं बघा. सोव्हिएत काळात लाकूडतोडीच्या सरकारी वसाहती होत्या, पगार होता, शाळा होती, दवाखाना होता. 1991 नंतर ते सगळं कोसळलं. गावात उरलं काय, तर चेनसॉ चालवता येणारी माणसं आणि हाताला काम नाही. तिकडे 1998 ला चीनमध्ये महापूर आले, यांगत्झेला आणि ईशान्येकडे सोंगहुआलाही, आणि चीनने स्वतःच्या नैसर्गिक जंगलांमधली तोड आवळायला सुरुवात केली. स्वतःचं जंगल वाचवलं, चांगलंच केलं, पण कारखान्यांना लाकूड तर लागतंच, मग ते सीमेपलीकडून यायला लागलं. सुइफेन्हे नावाचं चीनच्या बाजूचं सीमेवरचं गाव या लाकडावरच फुगलं. वर रशियाने 2006 साली नवा वनकायदा केला, 2007 पासून तो लागू झाला आणि जुनी गार्डांची व्यवस्था मोडीत निघाली. म्हणजे आमच्या बाबांसारखी माणसंच काढून टाकली, आता ट्रक अडवणार कोण?

मग पद्धत सगळीकडे असते तशीच. एका प्लॉटचा परवाना घ्यायचा आणि शेजारच्या डोंगरावर करवत लावायची. तोच कागद पुन्हा पुन्हा दाखवायचा. किंवा ‘रोगट झाडं काढतोय’ म्हणून सॅनिटरी कटिंगची परवानगी काढायची आणि नेमकी धडधाकट, जाडजूड झाडं तेवढी पाडायची. रात्री जंगलात झाड पाडणाऱ्याला रोख मजुरी मिळते, पकडला गेला तर तोच पकडला जातो. त्याच्यापुढे ठेकेदार, त्याच्यापुढे लाकडाचा व्यापारी, मग सीमेवरचा कागद बनवणारा, मग कारखाना, मग दुकान. त्या ओळीत गावातला माणूस पहिला उभा आहे आणि पैशाच्या वाटणीत शेवटचा. याला ‘पैसा त्यांनाच मिळतो’ म्हणत असाल तर उसाच्या फडातल्या कोयत्यालाच साखर कारखान्याचा मालक म्हणा.

आणि गाव म्हणजे सगळे एकच का? बिकिनच्या काठी क्रास्नी यार नावाचं गाव आहे, उदेगे आणि नानाई लोकांचं. उदेगे सगळे मिळून सुमारे दीड हजार, म्हणजे आपल्याकडचं एक मध्यम गाव झालं फक्त, आख्खी जमात. शिकार, मासे, सेबल या मुंगसाएवढ्या प्राण्याची कातडी आणि कोरियन पाइनचे दाणे, आपल्या चिलगोज्यासारखे, यावर त्यांचं चालतं. हे पाइन आणि मंगोलियन ओक म्हणजे त्या जंगलाचं कोठार. दाणे आणि ओकची फळं खाऊन रानडुक्कर जगतं, डुकरावर आणि हरणांवर वाघ जगतो, आणि माणसं दोन्हीकडून जगतात. मोठं झाड गेलं की दाणे गेले, डुक्कर गेलं, मग वाघ गावाकडे येतो आणि शिकारी रिकाम्या हाताने घरी येतो. मजुरी एकदाच मिळते, दाणे दर दोन-चार वर्षांनी का होईना पण भरभरून यायचे.

आणि हेच लोक सगळ्यात आधी उभे राहिले, हे तुमच्या कमेंटमध्ये कुठेच नाही. मागच्या पोस्टमध्ये होतं, पण तुम्ही बहुतेक हेडिंगपर्यंतच पोचलात. 1992 च्या सुमाराला एका मोठ्या कोरियन कंपनीच्या भागीदारीतल्या प्रकल्पाला बिकिनच्या वरच्या खोऱ्यात शिरायचं होतं. उदेगे लोकांनी विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं आणि ती तोड थांबली. 2009 साली त्यांच्या संघटनेने बिकिनच्या मधल्या खोऱ्यातलं साडेचार लाख हेक्टरपेक्षा जास्त जंगल 49 वर्षांच्या लीजवर घेतलं. तोडायला नाही, दाणे गोळा करायला. पैशाला डब्ल्यूडब्ल्यूएफने मदत केली, हो, ‘फॉरेनची एनजीओ’, लिहून ठेवा. त्याच 2009 मध्ये आपल्या गडचिरोलीतल्या लेखा-मेंढाला सामूहिक वनहक्क मिळाला. योगायोग असेल, पण मला तो आवडतो. पुढे 2015 ला बिकिन राष्ट्रीय उद्यान झालं, साडेअकरा लाख हेक्टरच्या वर. सगळ्या गावाला ते पटलं होतं असंही नाही, आपलं जंगल सरकारच्या ताब्यात गेलं तर आपल्याला आत सोडतील का ही शंका होतीच. ती शंका आमच्याकडच्या कुठल्याही माडिया म्हाताऱ्याला विचारा, दोन मिनिटांत समजावून सांगेल.

आता जे गावात राहत नाहीत त्यांच्याबद्दल. लंबर लिक्विडेटर्स ही अमेरिकेतली फ्लोअरिंग विकणारी मोठी कंपनी. 2015 मध्ये तिने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि 2016 मध्ये तिला एक कोटी तीस लाख डॉलरच्या वर भरावे लागले. कायदा कुठला, तर लेसी अ‍ॅक्ट, मूळचा 1900 सालचा शिकारीच्या मालावरचा, 2008 मध्ये त्यात झाडंही आली. रशियाच्या अतिपूर्वेतला मंगोलियन ओक कागदावर ‘वेल्श ओक’ म्हणून दाखवला होता. वेल्श! वाघाच्या जंगलातलं झाड थेट वेल्सला नेऊन ठेवलं कारकुनाने एका ओळीत. आता सांगा, हा कागद क्रास्नी यारच्या माणसाने भरला होता का? आणि हा काही रिपोर्ट नाही, अमेरिकन न्याय खात्याची केस आहे, ‘एनजीओने सांगितलं’ म्हणून झटकता येणार नाही. तशीही एनजीओंची माहिती खोटी असेल तर कुठली ते दाखवा. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या रशिया शाखेने परवानगी दिलेला ओक आणि चीनला गेलेला ओक यांची बेरीज-वजाबाकी केली, तर काही वर्षांत गेलेला माल परवानगीच्या दोन ते चार पट निघाला. हे गणित चौथीतला मुलगा करू शकतो. तुम्हालाही जमेल.

वाघ वाढले, ठीक, 2015 च्या मोजणीत पाचशेच्या वर होते, आनंद आहे. वाघ वाढले म्हणून लाकूड चोरीला जात नाही असं होत नाही.

बंदीचं म्हणाल तर 1 जानेवारी 2022 पासून बंदी आहे ती सॉफ्टवुडच्या आणि किमती हार्डवुडच्या गोल लठ्ठ्यांवर. फळ्या कापून न्यायला बंदी नाही. सॉ मिल सीमेच्या अलीकडे, रशियात आली, एवढंच. टीपी बघितल्याशिवाय फळी कुठल्या कुपातली ते फळीला विचारून कळत नाही, हे आमच्याकडे नाक्यावरच्या चहावाल्यालाही माहीत आहे.

बाकी ‘उगाच’ वगैरेला उत्तर देत बसत नाही. तुमची कमेंट उडवलेली नाही, उडवणारही नाही. पुढच्या वेळी स्पष्ट बोलायचं असेल तर स्वतःच्या नावाने बोला, आणि पोस्ट शेवटपर्यंत वाचून या.